उपाशीपोटी घ्यायची गोळी

ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारची मिस्सा संपून तास होऊन गेला, तरी फ्लॉसी एका जागी बसली नव्हती. चहा झाला, कप विसळून झाले, आणि कोणी मागितला नसताना तिने दुसऱ्या चहाचं आधण ठेवलं. चर्चमधून आणलेल्या झावळ्या तिने आधी क्रूसामागे खोवल्या, मग काढून फ्रीजवर ठेवल्या, मग परत क्रूसामागे खोवल्या. नवऱ्याने, युजीनने, वर्तमानपत्रातून डोकं काढून विचारलंसुद्धा, की तुझ्या पायांना आज भोवरा लागलाय का.

बैठक मर्सीने बोलावली होती. ही युजीनची थोरली बहीण. लग्न केलं नाही, शाळेची मुख्याध्यापिका म्हणून रिटायर झाली, पण शाळा सुटली तरी घंटा तिच्याच हातात राहिली. सासूबाई गेल्यापासून घरातली कुठलीही गोष्ट मर्सी बोलली की मगच ठरली असं समजायची रीत पडून गेली होती. तिने धाकट्या भावाला, एरॉलला, बोलावून घेतलं होतं आणि बोळिंजला विहिणीला फोन करून सांगितलं होतं, मिस्सा झाली की या, ब्रिटनीविषयी बोलायचं आहे. काय बोलायचं आहे ते सांगितलं नव्हतं. फ्लॉसीला मात्र ते आदल्या दिवशीच कळलं होतं. एरॉल वाडीत युजीनला म्हणत होता, आजार लपवून मुलगी दिली, ही सरळ फसवणूक हाय. चर्चच्या विवाह न्यायालयात अर्ज टाकू, लग्न रद्द होतं. आणि युजीन केळीच्या खुंटाजवळ उभा राहून नुसता मान हलवत होता. हो म्हणून की नाही म्हणून, ते त्याच्या मानेवरून कोणालाच कधी कळलेलं नाही.

ब्रिटनी म्हणजे फ्लॉसीच्या मुलाची, डिलनची, बायको. लग्नाला आठ महिने झालेले. गोखिवऱ्याला एका ऑफिसात नोकरी, स्कूटीवरून जाणं-येणं, हसरी पोर. नाताळानंतर ती मंदावत गेली. सकाळी उठवेना, केस पुंजक्याने गळायला लागले, उकाड्यातही तिला पंखा नको व्हायचा. बोटांची पेरं आणि कोपरं काळवंडली तेव्हा शेजारणी म्हणाल्या, स्कूटीवरून फिरते, उन्हाने रापली असेल. आणि ईस्टरआधीच्या उपवासांच्या प्रायश्चित्तकाळातल्या चौथ्या शुक्रवारी ती ओट्यापाशी उलटी करता करता कोसळली. हॉस्पिटलात नेईपर्यंत तिचा रक्तदाब मोजता येणार नाही इतका खाली गेला होता.

नऊ दिवस ती तिथे होती. डॉक्टर तरुण होते, शांतपणे समजावणारे. त्यांनी सांगितलं की अंगाची राखण करायला असलेल्या पेशीच हिच्या ग्रंथींवर उलटल्या आहेत. गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी त्यांनी पोखरली, आणि दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या छोट्या ग्रंथीही पोखरल्या. या दुसऱ्या ग्रंथी बंद पडल्या की अंगात मीठ टिकत नाही, रक्तदाब टिकत नाही, कातडी काळवंडते, आणि साध्या तापा-उलटीच्या निमित्तानेही माणूस दगावू शकतो. औषध आहे, पण ते जन्मभर. ते नीट घेतलं तर नोकरी, मुलंबाळं, सगळं होईल. मग त्यांनी ब्रिटनीला एक प्रश्न विचारला. दोन्ही ग्रंथी गेलेल्या माणसाला आधी या खालच्या ग्रंथींचं औषध द्यावं लागतं, थायरॉइडची गोळी नंतर. आधी तीच दिली तर ती उरलंसुरलं बळही ओढून घेते. तुम्ही थायरॉइडची गोळी घेत होतात का?

ब्रिटनी 'नाही' म्हणाली होती.

मग इतक्या झपाट्याने कशा कोसळलात, डॉक्टर म्हणाले, तेच मला कळत नाही. आणि ते कळेपर्यंत पुढचं औषध मी चाचपडतच ठरवणार.

फ्लॉसी तेव्हा थर्मास घेऊन दारात उभी होती. प्रायश्चित्तकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारपासून ब्रिटनीला ती गोळी रोज सकाळी फ्लॉसीच देत होती, स्वतःच्या बाटलीतून.

फ्लॉसीला स्वतःला थायरॉइडचा त्रास होऊन अकरा वर्षं झाली होती. थकवा, थंडी, केस, बद्धकोष्ठ, ही सगळी वाट तिच्या पायाखालची. सुनेत तीच लक्षणं दिसली तेव्हा तिला डॉक्टरची गरजच वाटली नाही. आणि डॉक्टरकडे नेलं असतं तर मर्सीबायला कळलं असतं, मर्सीबायकडून एरॉलला, एरॉलकडून गावाला. वर्षाच्या आत सून आजारी निघाली म्हणून लोकांनी पोरीला नावं ठेवली असती. झाकली मूठ सव्वा लाखाची, असा तिचा विचार. म्हणून तिने पहाटे ब्रिटनीला हळूच उठवून अर्धी गोळी तळहातावर ठेवली. उपाशीपोटी घे, अर्धा तास चहा पिऊ नको, आणि डिलनला काय सांगू नको. पहिल्या आठवड्यात पोरीला तरतरी आल्यासारखी वाटली. फ्लॉसीला इतका आनंद झाला, की दुसऱ्या आठवड्यापासून तिने अर्ध्याची पूर्ण गोळी केली.

वाईट हेतूने केलेल्या गोष्टीचा माणूस कधीतरी हिशोब मिटवून टाकतो. प्रेमाने केलेली चूक मात्र आत कुसळासारखी सलत राहते, आणि फ्लॉसीला ते कुसळ पंधरा दिवस झोपू देत नव्हतं. पापनिवेदनाला जाऊन फादरना सांगून आली, तरी काही हलकं वाटलं नाही. फादर म्हणाले होते, देवाने क्षमा केली, पण जिला सांगायला हवं तिला सांगा. ती 'हो फादर' म्हणाली आणि घरी येऊन तिने सुरमईचा तुकडा नीट केला.

दाराशी रिक्षा थांबली. ब्रिटनीची आई, रिटा, एकटीच आली होती. तिचा नवरा ज्युलियस जहाजावर होता. त्यांनी वाडी विकून बोळिंजला कॉम्प्लेक्समध्ये फ्लॅट घेतला त्याला बारा वर्षं झाली, आणि ही गोष्ट मर्सी दर लग्नात एकदा तरी काढायची. रिटाने भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घातला होता. ती नेहमीच घालायची. खुर्चीत बसायच्या आधी ती आतल्या खोलीत जाऊन मुलीच्या कपाळाला हात लावून आली, आणि तिच्या मागोमाग ब्रिटनीही डिलनचा हात धरून बाहेर आली. तिला कोणी बोलावलं नव्हतं. मर्सी म्हणाली, बाळा, तू आराम कर. ब्रिटनी म्हणाली, माझ्याबद्दल बोलणार आहात ना, मग मी ऐकते.

सुरुवात गोडीगुलाबीची झाली. तब्येत कशी, भूक लागते का, ऑफिसवाले किती सुट्टी देतात. एरॉलचा मंडप-डेकोरेशनचा धंदा, त्यामुळे बोलणं सजवायची त्याला सवय. दहा मिनिटं तो नुसता विषयाभोवती फिरत होता, ताकाला जाऊन भांडं लपवत. शेवटी रिटाच म्हणाली, मला एक विचारायचं हाय. तुमच्या घरी शुक्रवारी अळणी जेवतात ना?

मर्सी ताठ झाली. प्रायश्चित्तकाळातल्या शुक्रवारी घरात मिठाचा कण वापरायचा नाही, हा तिच्या आईचा नवस. एरॉल लहानपणी विषमज्वरातून उठला तेव्हा बोललेला. पन्नास वर्षं या घरात तो मोडला नव्हता.

"माजी मुलगी मीठ मागत होती," रिटा म्हणाली. "खारातल्या कैऱ्या खाल्ल्या म्हणून तिला बोलनी बसली. तिनं मला फोनवर सांगितलं, आई, मला मिठासाठी वेड्यासारखं होतं. डॉक्टर म्हणाले ते चोचले नव्हते, तिचं शरीर मागत होतं. आनि तुम्ही तिला अळणी जेवायला घातलं."

बोलणी फ्लॉसीनेच दिली होती. तिसऱ्या शुक्रवारी बरणीत बोटं घालताना तिने ब्रिटनीला पकडलं होतं. 'मर्सी आत्यानं बघितलं तर?' म्हणून ती ओरडली होती. आता ती उठली आणि पंखा एकने वाढवला.

मर्सीला नवसाबद्दल कोणी बोललेलं सहन होणारं नव्हतं. तिचा आवाज वर्गात शिरल्यासारखा झाला. आमच्या घरात पन्नास माणसं अळणी जेवली, ती म्हणाली, कोण कोसळलं नाय. रोग मिठातनं आला नाय, रोग रक्तातनं आला. डॉक्टरांनी सगळ्यांदेखत विचारलं होतं, नात्यात कोणाला थायरॉइड, कोणाला लहानपणीचा मधुमेह, कोणाला अंगावर पांढरे डाग. तेव्हा तुम्ही गप्प बसलात, रिटाबाय.

आणि एरॉलने इतका वेळ दाबून धरलेली गोष्ट बाहेर काढली. लग्नाच्या आदल्या दिवशी हळद लावताना त्याच्या बायकोने, विनीने, रिटाच्या हातावर काहीतरी पाहिलं होतं.

"बाही वर करा," एरॉल म्हणाला. "काय नसेल तर मी सगळ्यांसमोर माफी मागतो."

डिलन उठून उभा राहिला. "काका, काय बोलताय तुम्ही? माझ्या सासूबाई आहेत त्या."

युजीन हळूच म्हणाला, एरॉल, राहू दे. पण युजीनच्या 'राहू दे'ला या घरात उंबऱ्याइतकीही किंमत नव्हती, सगळे ओलांडून जायचे. फ्लॉसीला कळत होतं की आत्ता बोललं तर हे थांबेल. तिने ओठ उघडले आणि त्यातून निघालं, "चहा देऊ का परत?"

रिटाने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने डाव्या बाहीचं बटण सोडलं आणि बाही कोपरापर्यंत वर घेतली. मनगटापासून वर पांढरे चट्टे होते, एकमेकांत मिसळलेले, नकाशातल्या बेटांसारखे. मग तिने उजवी बाहीही वर केली, ती कोणी मागितली नव्हती.

"वीस वर्षं झाली," रिटा म्हणाली. "ज्युलियसला ठाऊक हाय, फादरना ठाऊक हाय. मुलीचं लग्न मोडू नये म्हणून लपवलं, खोटं कशाला बोलू. लोक याला काय म्हनतात ते तुम्हाला माहीत हाय. पन हा डाग आनि तो आजार एकाच घरातले, हे मला त्या डॉक्टरनं सांगितलं तेव्हा कळलं. आधी कळलं असतं तर मी माज्या पोरीला घेऊन दारोदार फिरले असते."

मर्सी एरॉलकडे बघून मान डोलावत होती. झालं, असा त्या मानेचा अर्थ. एरॉलने खिशातून घडी केलेला कागद काढला आणि सांगायला लागला, की यात कोणाची बदनामी नाही, फक्त लपवून लग्न लावलं एवढंच लिहायचं, दोन साक्षीदार लागतील, विनी आहे, मर्सीबाय आहे. पोरगीही मोकळी, पोरगाही मोकळा. तिचा औषधपाण्याचा भार आपण का वाहायचा. डिलन मोठ्याने म्हणाला, माझं लग्न आहे, मला कोणी विचारणार आहे की नाही, आणि मर्सी त्याला म्हणाली, तू लहान आहेस. तो एकोणतीस वर्षांचा होता.

ब्रिटनी आईच्या उघड्या हातांकडे बघत होती. आणि मग तिने मान वर करून फ्लॉसीकडे पाहिलं, अगदी सरळ. त्या नजरेत राग असता तर फ्लॉसीला बरं वाटलं असतं. पोरीने माझ्यासाठी डॉक्टरला खोटं सांगितलं, मला सांभाळून घेतलं, हे पंधरा दिवस तिच्या छातीवर धोंड्यासारखं बसलं होतं. आणि मी हिच्या आईला भर हॉलमध्ये बाह्या वर करायला लावल्या.

"तो कागद ठेव, एरॉल," फ्लॉसी म्हणाली.

तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. ती खुर्चीत बसली, सकाळपासून पहिल्यांदा.

"मलाही थायरॉइड हाय. अकरा वर्षं. मर्सीबाय, तुमच्या गळ्याचं ऑपरेशन झालं ते कशाचं होतं? लग्न ठरवताना आपन रिटाबायना सांगितलं होतं का? मग लपवायची गोष्ट निघाली तर दोन्ही घरांची निघेल."

मर्सी म्हणाली, त्याचा इथे काय संबंध.

"संबंध सांगते. ब्रिटनीला थायरॉइडची गोळी मी दिली. माज्या बाटलीतली. राखेच्या बुधवारपासून रोज सकाळी, ती पडली त्या दिवसापर्यंत. पहिला आठवडा अर्धी, मग पूर्ण. डॉक्टरनं सांगितलं ना, ती आधी दिली तर माणूस कोसळतो. ती तिच्या रक्तानं नाय पडली, रिटाबायनं लपवलं म्हनून नाय पडली. मी पाडली."

युजीनने वर्तमानपत्राची घडी घातली, परत उलगडली, परत घातली. एरॉलचा कागद आपोआप खिशात गेला. मंडपवाल्याला वारा कुठून फिरला ते चटकन कळतं, आणि आता अर्ज करायचाच झाला तर तो रिटाबायच करू शकेल, हे त्याच्या ध्यानात आलं होतं.

मर्सी मात्र खरी या घराची. एका श्वासात ती फ्लॉसीच्या बाजूला जाऊन उभी राहिली. अगं, तू मुद्दाम थोडंच केलंस, ती म्हणाली, आपल्याकडे डोकं दुखलं की आपण एकमेकींच्या गोळ्या घेतोच, घरोघरी चालतं. ही गोष्ट या चार भिंतींत राहील, डॉक्टरला सांगायचं काही कारण नाही, पोरगी आता बरी आहे. फ्लॉसीला आयुष्यात पहिल्यांदा या नणंदेचा आधार मिळत होता, आणि तो तिला नको होता.

डिलनने विचारलं, "किती दिवस, मम्मी?"

"चोवीस."

"मी तिच्या शेजारी झोपत होतो," तो म्हणाला. "मला पण नाही सांगितलंस." आणि तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. लहानपणी मार खाल्ल्यावरही तो असाच पाठ करून उभा राहायचा. फ्लॉसीचा जीव तुटला, पण त्याच्याकडे जायचा हक्क आता आपल्याला आहे का, हेच तिला कळेना.

रिटा उठली. ती आपल्याला मारणार असं फ्लॉसीला वाटलं आणि तिने मारावं असंही वाटलं. पण रिटा मुलीकडे वळली.

"तुला ठाऊक होतं?"

"हो."

"मग डॉक्टरला नाय का म्हनालीस? जिवावर बेतलं होतं तुज्या. सासूला वाचवायला गेलीस?"

ब्रिटनीने नकारार्थी मान हलवली. ती बोलली तेव्हा आवाज अगदी साधा होता.

"वाचवायला नाही, आई. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मम्मी समोर दारात उभ्या होत्या. मला वाटलं त्या सांगतील. मी सांगितलं असतं तर चुगली झाली असती ना, म्हणून मी नाही म्हटलं आणि त्यांच्याकडे बघत राहिले. त्या थर्मास ठेवून बाहेर गेल्या. मग मला वाटलं, उद्या सांगतील. मग परवा. आठवडाभर घरी आहे, रोज सकाळी त्या मला विचारतात, बाळा, बरं वाटतं ना. मी रोज वाट बघते."

फ्लॉसीला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. पंधरा दिवस ती ज्याला सुनेची माया समजत होती, ती माया नव्हती. ते वाट बघणं होतं, आणि रोज सकाळी आपण तिला निराश करत होतो. रडून काही होणार नव्हतं, तरी डोळ्यांतून पाणी आलंच. ते पुसायला मर्सीने रुमाल पुढे केला, तो तिने घेतला नाही.

"मला डॉक्टरचा नंबर लावून दे," ती डिलनला म्हणाली.

मर्सी म्हणाली, रविवार आहे, मंगळवारी जायचंच आहे, तेव्हा बघू. एरॉल म्हणाला, वयनी, नीट विचार करा, उद्या पोलीसकेस होईल. रिटा बाह्या खाली न करता तशीच मुलीशेजारी बसून राहिली. डिलनने फोन लावला आणि आईच्या हातात दिला, तिच्या तोंडाकडे न बघता.

डॉक्टरांनी चौथ्या रिंगला उचलला. फ्लॉसीने नाव सांगितलं, पेशंटची सासू म्हणून सांगितलं, आणि मग राखेच्या बुधवारपासून सुरू करून सगळं सांगितलं. गोळी किती ताकदीची, अर्धी किती दिवस, पूर्ण किती दिवस. सांगताना एकदाही तिने 'चांगल्यासाठी' हा शब्द वापरला नाही, जरी तो जिभेवर तीनदा आला. मग डॉक्टर म्हणाले, उशिरा सांगितलंत, पण हे मला हवंच होतं. आता औषधाचं प्रमाण नीट बसवता येईल. रक्त परत तपासू. ती गोळी आता मी सांगेन तेव्हाच. आणि घरात दोन माणसांनी इंजेक्शन द्यायला शिकायचं आहे, अचानक उलट्या झाल्या तर घरच्या घरी लागेल. ती आता कुठे राहणार आहे? तिथल्याच दोघांना मंगळवारी पाठवा.

फ्लॉसीने फोन कानापासून दूर केला. "डॉक्टर विचारतात," ती म्हणाली, "तू कुठं राहनार."

उत्तर देणं आपल्या हातात नाही हे त्या घरात बहुधा पहिल्यांदाच मर्सीसकट सगळ्यांना एकदम कळलं होतं.

ब्रिटनी उठली. अजून तिला उठताना खुर्चीचा हात धरावा लागायचा. तिने फ्लॉसीच्या हातातून फोन घेतला.

"बोळिंजला, डॉक्टर," ती म्हणाली. "आईकडे." मग ती जरा थांबली. "आई आणि डिलन येतील शिकायला."

डिलन खिडकीपासून वळला. ब्रिटनीने फोन बंद करून त्याच्याकडे दिला, आणि पुन्हा फ्लॉसीकडे पाहिलं. काही विचारायची पाळी आता फ्लॉसीची नव्हती.

ती आत गेली आणि सुनेचे कपडे बॅगेत भरायला लागली.